प्रतीक्षा यादीतली पहिली

पालघरच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा मी आणि माझी मैत्रीण एकाच खोलीत राहायचो. मी केळव्याची, ती एडवणची. दोन्ही गावं समुद्राकाठची, एकमेकांपासून फारशी लांब नाहीत, पण आमची ओळख झाली ती मुंबईला, कॉलेजच्या वसतिगृहातल्या जेवणघरात. भातावरची आमटी बघून तिनं आणि मी एकाच वेळी नाक मुरडलं, तिथून सुरुवात. ती पदार्थविज्ञान शिकलेली, मी रसायन. पुढे दोघींना एकाच शाळेत नोकरी मिळाली आणि शाळेच्या मागच्या बाजूला एका घराच्या पडवीला लागून असलेली खोली आम्ही भाड्यानं घेतली. स्टोव्ह तिचा, भांडी माझी. शनिवारी अर्धी शाळा सुटली की आपापल्या घरी, सोमवारी सकाळच्या एस.टी.नं परत.

एकोणीसशे साठचं दशक निम्म्यावर आलं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि बोईसर स्टेशनात गोरी माणसं उतरायची. त्यांना बघायला मुलं फाटकाशी उभी राहायची. पालघरात मात्र सगळं जुनंच होतं. आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कुलपातलं कपाट. वर्गात मी टेबलावर एक परीक्षानळी धरायची, पहिल्या बाकावरच्या मुलींना रंग बदललेला दिसायचा आणि मागच्या मुली त्यांच्या तोंडाकडे बघून काय झालं असेल ते ओळखायच्या.

एका दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आम्हा दोघींना बोलावून घेतलं. समोर वर्तमानपत्र पसरलेलं होतं.

"विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकांसाठी सरकारी शिष्यवृत्ती निघालीय," त्या म्हणाल्या. "विलायतेला जायचं, तिथल्या विद्यापीठात शिकवण्याचं शिक्षण घ्यायचं आणि परत येऊन इथं शिकवायचं. जागा एकच आहे. दोघी अर्ज करा."

"बाई, एकच जागा, मग दोघींनी कशाला?" माझी मैत्रीण म्हणाली.

"सगळ्या राज्यातून अर्ज येणार आहेत. तुम्ही आत्तापासून वाटण्या कशाला करता?"

आम्ही हसलो. त्याच संध्याकाळी खोलीवर स्टोव्हवर पिठलं रटरटत असताना अर्ज भरले. तुम्हाला परदेशात का शिकायचं आहे, असा एक प्रश्न होता. तिनं भराभर लिहिलं. मी बराच वेळ पेन धरून बसले. मला खरं तर एवढंच बघायचं होतं, की वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या हातात परीक्षानळी असते तेव्हा तो वर्ग कसा दिसतो. शेवटी तेच लिहिलं, जरा सरकारी भाषेत.

दोघींनाही मुलाखतीला बोलावणं आलं, तेव्हा मात्र धाबं दणाणलं. इंग्रजी आम्हाला लिहिता यायचं, बोलायची सवय कुणाला होती? मोठ्या बाईंनी त्यावरही तोड काढली. तारापूरच्या वसाहतीत एका परदेशी इंजिनियरची बायको राहत होती. ती एकदा शाळेच्या बक्षीससमारंभाला आली होती. बाईंनी तिला चिठ्ठी धाडली आणि तिनं उलट टपाली लिहिलं, शनिवारी या.

मग काही शनिवार आम्ही घरी न जाता पॅसेंजरनं बोईसर गाठायचो आणि तिथून एस.टी.नं वसाहत. बाई उंच, हातांवर तांबूस ठिपके, कायम सुती झगा घातलेला. ती खुर्चीत ताठ बसून मुलाखत घेणाऱ्या साहेबासारखं तोंड करायची आणि विचारायची, "तुम्ही आम्हाला का हव्या आहात?" आम्ही पुस्तकातलं वाक्य म्हणायचो. ती म्हणायची, "हे तुमच्या पुस्तकानं सांगितलं. आता तुम्ही सांगा." एकदा माझ्या बाबांनी तिच्यासाठी वाडीतली शहाळी पाठवली. तिच्या स्वयंपाक्यानं सुरी घेऊन बरीच झटापट केली. शेवटी माझी मैत्रीण बाहेर गेली, माळ्याचा कोयता मागून आणला, पदर खोचला आणि शहाळं सोलून तिच्यापुढे धरलं. बाई टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, "हे मुलाखतीत करून दाखव, लगेच घेतील."

मुलाखतीला माझा थोरला भाऊ आम्हाला मुंबईला घेऊन गेला. आधी तिला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा फुललेला होता. "लग्नाचं विचारलं," ती कुजबुजली. "मी म्हटलं, परत येईपर्यंत नाही. सगळे हसले." माझी मुलाखतही वाईट झाली नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला रसायनाचा एक प्रश्न विचारला आणि माझं उत्तर ऐकून शेजारच्याकडे बघत मान डोलावली. त्या मान डोलावण्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

पत्रं एकाच दिवशी आली. पत्ता एकच, त्यामुळे पोस्टमननं दोन्ही पाकिटं माझ्याच हातात ठेवली. तिची निवड झाली होती. माझ्या पत्रात लिहिलं होतं की माझं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं आहे. निवड झालेल्या उमेदवारानं नकार कळवला, तर ही जागा मला मिळेल.

तिनं मला घट्ट मिठी मारली. मग माझं पत्र घेऊन वाचलं आणि डोळे मोठे केले.

"म्हणजे मी मेले तर तू!"

"तू मर नाहीतर जा, काहीतरी एक लवकर ठरव," मी म्हटलं. हसता हसता आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण तिच्यासाठी झालेला आनंद खरा होता. तिनं त्याच आठवड्यात होकार कळवून टाकला.

तिचे वडील एडवणला प्राथमिक शाळेत गुरुजी होते. अर्ज करायला त्यांनी परवानगी दिली होती, कारण त्यातून काही निघेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. आता मात्र ते घाबरले. पंचविशीतली मुलगी एकटी साता समुद्रापलीकडे जाणार, परत आल्यावर तिच्याशी लग्न कोण करणार? त्यांनी मधला मार्ग काढला. "लग्न करून जा," ते म्हणाले. ठाण्याचं एक स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, शिकलेला, बोलायला मऊ. बघायच्या कार्यक्रमात तो स्वतःहून म्हणाला, "शिष्यवृत्ती मिळालीय हे तर अभिमानाचं आहे. माझी काही हरकत नाही." आणखी काय हवं होतं? वैशाखात लग्न झालं. मी मांडवात करवलीसारखी मिरवले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती हिरवा चुडा भरलेल्या हातांनी खोलीवर परत आली. सप्टेंबरात निघायचं, तोवर नोकरी करायची, रविवारी ठाण्याला जायचं, असं ठरलं होतं. आल्या आल्या मी विचारलं, "पासपोर्टचं काय झालं? हमीपत्रावर सही झाली?" शिकून कुणी परत आलं नाही तर खर्च भरून देण्याची हमी सरकार घरच्यांकडून मागत असे आणि ती आता तिच्या नवऱ्यानं द्यायची होती.

"कागद त्यांच्याकडे आहेत," ती म्हणाली. "सासूबाई म्हणतात, बघू."

"आणि ते?"

"ते म्हणतात, आईचं मन वळेल, थोडं थांब."

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. त्या घरात तिला कुणी नाही म्हटलं नाही. कुणी आवाज चढवला नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं, रडून गोंधळ घालता आला असता. "बघू" म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? ती ठाण्याहून यायची, बॅग ठेवायची आणि तांदूळ निवडायला बसायची. मी तिच्या तोंडाकडे बघून काय झालं असेल ते ओळखायची.

जुलै संपताना तिला मुंबईच्या कचेरीतून पत्र आलं. प्रवासाची तारीख आणि हमीपत्र ताबडतोब कळवा, नाहीतर कारण कळवा. पत्र तिनं मला दाखवलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं. त्या रात्री आम्ही दोघीही जाग्या होतो, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं.

तिनं नकार कळवला असता तर जागा माझी होती. माझे बाबा हमी द्यायला तयार होते. माझं लग्न ठरलेलं नव्हतं, मला अडवायला कुणी नव्हतं. पण हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिची आशा अजून सुटली नव्हती. येत्या रविवारी सासूबाई हो म्हणतील, असं तिला प्रत्येक सोमवारी वाटत होतं. मी बोलले असते तर, तुझं काही होत नाही, आता मला जाऊ दे, असाच त्याचा अर्थ झाला असता.

मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी तिच्याशी बोलू शकते," त्या म्हणाल्या. "पण काय बोलू? तू माघार घे म्हणू? तिच्या माणसांना म्हणायला हवं ते मी तिला कसं म्हणू?"

"मग मी काय करू, बाई?"

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. बाईंच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी केळव्याला गेले तर बाबा घरी नव्हते. सकाळीच केळ्यांचा घड सायकलला बांधून एडवणला गेले होते, आई म्हणाली. कशाला ते तिला सांगितलं नव्हतं, पण मला कळलं. ते दिवेलागणीला परत आले, पाय धुतले आणि ओट्यावर माझ्याशेजारी बसले.

"गुरुजींकडे गेलेलो."

"काय म्हणाले?"

"बोललोच नाय गो मी." बाबांनी पंचानं ओले पाय पुसले. "सांगायचं म्हणूनच गेलेलो. तुमची पोर जात नाय, तर एक कागूद लिवून द्या, आमची जाईल. वाटंवर सगळं जुळवून नेलं. चा आला, पिऊन झाला. तवर गुरुजीच बोलायला लागले. म्हणे, पोर जेवत नाय, रोड झाली, मी तिचं लगीन करून चूक केली काय? आन मोठा माणूस तो, डोळं पुसायला लागला. मंग मी काय सांगू त्याला? तुजी जात नाय तर माजी धाड, असं?"

"नाही बाबा. बरं केलंत."

"बरं नाय केलं. पण नाय बोलता आलं."

सुपारीचं यंदा कसं आहे एवढं बोलून ते परत आले होते. येताना गुरुजींनी त्यांच्या पिशवीत जबरदस्तीनं पापड घातले होते.

ऑगस्टच्या एका संध्याकाळी माझी मैत्रीण शाळेतून आली, हातपाय धुतले आणि कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"हे म्हणतात, मुदत वाढवून मागू. पुढच्या वर्षी आई नक्की हो म्हणेल. तसं पत्र लिहायचंय." ती थांबली. "तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे."

मी तपासायच्या वह्या बाजूला सारल्या.

"मीच लिहिलं असतं," ती म्हणाली, "पण चुकलं तर..."

"दे इकडे."

मी लिहायला लागले. घरगुती अडचणींमुळे, नम्र विनंती, एक वर्षाची मुदत. चांगलं पत्र झालं. वाईट लिहावं असं मनात आलंच नाही असं मी म्हणणार नाही, पण वाईट कसं लिहितात ते मला येत नव्हतं. लिहून झाल्यावर तिनं ते दोनदा वाचलं आणि सही न करता तसंच धरून बसली.

"ऐक ना," ती म्हणाली. "मी नकार कळवू का? तू सांग. तू म्हणालीस तर आत्ता हे फाडते आणि नकार लिहिते."

बाहेर घरमालकीण गाईला हाकारत होती. मला आजही तो आवाज ऐकू येतो.

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

"जायचंय."

"मग नकार कसा लिहिशील?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायचंसुद्धा तिला सुचलं नाही. तशीच तिनं सही केली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना आम्ही ते पत्र पेटीत टाकलं, दोघींनी मिळून.

त्यानंतर वाट बघणं. पुढे काही दिवस आमच्यात बोलणं अगदी कमी झालं. भांडण नव्हतं. ती माझं ताट वाढून ठेवायची, मी तिच्या वह्या तपासून द्यायची. फक्त विषय काढायला दोघी घाबरत होतो आणि दुसरा विषय आमच्याकडे उरला नव्हता.

उत्तर गणपतीनंतर आलं. शिष्यवृत्तीची मुदत पुढच्या वर्षावर नेता येत नाही, सबब निवड रद्द समजावी. ते पत्र वाचून तिनं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुझं झालं! बघ, तुला मिळणार आता!" ते ती मनापासून म्हणत होती. आम्ही तशाच मोठ्या बाईंकडे धावलो. बाईंनी रजा टाकली आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन मुंबईच्या त्या कचेरीत गेल्या.

तिथले अधिकारी सज्जन होते. आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला, फाईल काढून स्वतः वाचली.

"बाई, तुमचं नाव यादीत पहिलं आहे, बरोबर आहे," ते मला म्हणाले. "पण तिकडच्या विद्यापीठाला नावं कळवायची तारीख ऑगस्टअखेर होती. त्या तारखेपर्यंत निवडलेल्या उमेदवाराचा होकार कायम होता. नुसती मुदत मागितली होती. नकार नाही, तोवर आम्हाला पुढचं नाव घेता येत नाही."

"मग आता?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आता यादीच संपली. या वर्षी ही जागा रिकामी जाणार." त्यांनी फाईल मिटली. "त्यांनी ऑगस्टात नकाराच्या दोन ओळी लिहिल्या असत्या तर तुम्ही आज निघण्याच्या तयारीत असता. वाईट वाटतं."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. कुणी उर्मट असतं, कुणी पैसे खाल्ले असते, तर परतीच्या वाटेवर शिव्या द्यायला तरी कुणी मिळालं असतं. बाई आणि मी गाडीत समोरासमोर बसलो होतो.

खोलीवर ती दारातच उभी होती. मी नुसती मान हलवली. ती आत गेली, भिंतीशी बसली आणि म्हणाली, "म्हणजे कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

दिवाळीआधी आम्ही तारापूरला गेलो. त्या परदेशी बाईला सांगायला हवं होतं. आम्हाला बघून ती फाटकापर्यंत धावत आली. "कोण? तुमच्यातलं कोण?"

आम्ही सांगितलं. ती आधी हसली, तिला वाटलं आमचं इंग्रजी चुकतंय. मग तिनं सावकाश, एकेक शब्द वेगळा काढून विचारलं, "एक जागा होती. तुम्ही दोघी होतात. दोघींना जायचं होतं. मग कुणीच गेलं नाही, हे कसं?"

माझी मैत्रीण म्हणाली, "माझ्या घरी..." आणि थांबली. मी म्हटलं, "तारीख..." आणि थांबले. सासूबाई वाईट नव्हत्या, नवरा वाईट नव्हता, गुरुजी, बाबा, तो अधिकारी, कुणीच वाईट नव्हतं, हे तिला कुठून सांगायला घ्यावं? ती चिडली. म्हणाली, मी तुमच्या मंत्र्यांना पत्र लिहिते. आम्ही दोघी घाबरून एकदम "नको, नको" म्हणालो. तिनं आमच्याकडे असं काही बघितलं, की आम्ही चहा संपवून लवकरच निघालो. पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याचं काम संपलं आणि ती माणसं मायदेशी गेली.

मी पुन्हा अर्ज करणार होते. पण पुढच्या वर्षी जाहिरातच आली नाही. परकीय चलन नाही म्हणून बंद ठेवलीय, असं मोठ्या बाईंनी चौकशी करून सांगितलं. शिष्यवृत्ती परत निघाली तेव्हा माझं वय बसत नव्हतं. माझी मैत्रीण शिष्यवृत्ती बंद पडली त्याच साली नोकरी सोडून ठाण्याला राहायला गेली. स्टोव्ह मला ठेवून गेली.

आमचं जाणं-येणं मात्र तुटलं नाही. तिला दोन मुलं झाली. पुष्कळ वर्षांनी एकदा मी तिच्याकडे जेवायला होते. तिचे यजमान एव्हाना मोठे साहेब झाले होते. त्यांच्या कचेरीतल्या कुणाची तरी मुलगी परदेशी निघाली होती, त्याचं ते कौतुकानं सांगत होते. सांगता सांगता थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हा दोघींपैकी एकीनं तरी त्या वेळी जायला हवं होतं. फार मोठी संधी होती."

मी ताटात बघितलं. शेजारच्या पाटावर त्यांच्या आई जेवत होत्या. खूप थकल्या होत्या, ऐकू कमी यायचं. सुनेचा त्यांना फार लळा होता. त्यांनी मान वर करून विचारलं, "कुठं जायचं होतं गं?"

माझ्या मैत्रिणीनं भाताचं पातेलं उचललं.

"कुठे नाही, आई," ती म्हणाली. "भात वाढू?"